दीपसामींची परात

तमिळ मुलखातल्या गुम्मिडिपूंडीच्या कारखान्यांची भिंत संपते तिथून माझ्या सासऱ्यांचं अर्धा एकर भातशेत सुरू होतं. त्या संध्याकाळी बांधावर शंभर-दीडशे माणसं दाटीवाटीने उभी होती. मधे तिवईवर पितळी परात, तिच्यात तेल घातलेलं पाणी आणि वर मोठा दिवा. दिवा लागला, दीपसामी नावाच्या बुवांनी डोळे मिटले आणि शेतातून तपकिरी किडे झुंडीने येऊन परातीत पडू लागले. अर्ध्या तासात पाणी दिसेना.

"पुगैयान शरण आला," सामी तमिळमध्ये म्हणाले. "माझ्या दिव्यापुढे यमसुद्धा पतंग होतो."

पुगैयान म्हणजे आपले भातावरचे तुडतुडे. लोकांनी हात जोडले. माझ्या सासूबाई, सकवारबाई, तर रडल्याच.

मी हे खोलीच्या खिडकीतून पाहत होते, कारण मला बाहेर यायला बंदी होती.

झालं असं. मी भंडाऱ्याची, वडील कृषी सहायक. बुंध्याशी बसून भाताचा रस शोषणारा हा किडा मी शाळेत असल्यापासून ओळखते. शहरात अण्णा नगरच्या ऑफिसला दोन दिवस सुट्टी टाकून मी नि माझा नवरा व्यंकट गावी आलो, मी सहज एक चूड, म्हणजे भाताच्या रोपांचा झुबका, हलवला, तर पाण्यावर पंचवीस-तीस किडे टपटप पडले. "मामा, पाणी काढा आणि चार दिवस जमीन सुकू द्या," मी सासऱ्यांना म्हटलं. ह्या तंजावरी मराठी घरात सासऱ्यांना मामा म्हणतात. पण तोवर शेजाऱ्यांनी दीपसामींना बोलावलं होतं.

सामींनी पाठीवर भगव्या कापडात गुंडाळलेला पंप घेऊन बांधावरूनच पानांवर 'तीर्थ' फवारलं. त्या तीर्थाला आमच्या भंडाऱ्याच्या कीटकनाशकांच्या दुकानाचा वास होता. मग त्यांनी निकाल दिला, "ह्या बाईची दृष्ट लागली म्हणून कीड आली. नऊ दिवस शीव बांधतो. शेतात कुणी पाय टाकायचा नाही, पाणी बाहेर काढायचं नाही आणि हिने खोलीचा उंबरा ओलांडायचा नाही."

वा रे न्याय! आग लागली म्हणून ओरडणारीलाच कोंडायचं.

आणि मी बसले. कारण मामांचं, म्हणजे हंबीररावांचं, दोन महिन्यांपूर्वीच हृदयाचं ऑपरेशन झालं होतं आणि शेतात त्यांचा जीव अडकला होता. पणजोबांनी तंजावरहून आणलेलं ते बियाणं. मामा दर वर्षी थोडं मागे ठेवायचे. यंदा निवृत्तीच्या उत्साहात सगळं पेरून बसले होते. शेत गेलं की वाण संपला. "नऊच दिवस गं," व्यंकट म्हणाला. "बाबांकडे बघ जरा." मी त्यांच्याकडे पाहिलं आणि ऑफिसचं काम तिथूनच करायला लॅपटॉप उघडला. दाराला कडीही नव्हती. कडी असती तर तोडली असती. ह्या घरच्या मायेला काय करणार? त्याचाच मला जास्त राग येत होता.

तिसऱ्या दिवशी शेताच्या मधोमध सुपाएवढा पिवळा डाग दिसला. पाचव्या दिवशी तो विहिरीएवढा गोल झाला, करपलेला. इकडे मामा रोज सकाळी परातीतले मेलेले किडे वाटीने मोजायचे. आयुष्यभर कारखान्यात माल तपासण्याचं काम केलेलं, सवय जाते कुठे! "काल दोन वाट्या, आज तीन. सामींचं तेज वाढतंय बघ."

"तेज नाही मामा, कीड वाढतेय."

"तूं गप गे," आतून सासूबाई.

पाचव्या दिवशी दिवेलागणीला माझं डोकं फिरलं. खोलीतली ट्यूब लावली, खिडकीखाली स्टीलच्या ताटात पाणी ओतलं, त्यात भांड्याच्या साबणाचे चार थेंब टाकले. पाऊण तासात ताट तपकिरी झालं. मी मामांना हाक मारली.

ते ताटावर वाकले. "सामींच्या दिव्याचेच इकडे चुकून आले असतील."

"मग माझ्या ट्यूबलाइटलाही नमस्कार करा. मामा, कारखान्यात तुम्ही बाद मालाच्या डब्यातले नग मोजून सगळा लॉट पास करत होता का?"

"छे. नमुना लॉटांतून काढायचा."

"मग पाच दिवस तुम्ही बादच मोजताय. लॉट शेतात आहे."

मी उंबरा ओलांडला. सासूबाई आडव्या आल्या. मामा म्हणाले, "जाऊं दे तिला. मींच येतों."

मोबाइलच्या उजेडात त्यांनी स्वतः एक चूड थापटला. ओठांतल्या ओठांत मोजत गेले, साठावर थांबले. "ह्यांतल्या कितींना पंखच नाहींत."

"म्हणून ते दिव्याकडे येत नाहीत. परातीत पडतात ते उडणारे. बाकीचे सावलीत, ओलाव्यात मजेत वाढतात आणि सामींनी पाणी काढू दिलं नाही. त्यात तीर्थाने हे मारले." मी बोट दाखवलं. पाण्यावर मेलेले कोळी तरंगत होते, तुडतुडे खाणारे तेच होते.

मामांनी फावडं मागितलं आणि बांध फोडला. सकाळी कृषी खात्याच्या माणसाला विचारून, चूड बाजूला सारत, करपलेल्या गोलाच्या कडेने फक्त बुंध्याशी औषध मारलं.

नवव्या दिवशी सामी गर्दी घेऊन आले. करपलेला गोल पाहून ओरडले, "बाई बाहेर आली, म्हणून जळालं."

"आली खरी," मामा म्हणाले. "तुम्ही शेतांत उतरा. एक चूड थापटा, सगळ्यांदेखत मोजूंया."

"माझं व्रत आहे. मी चिखलात पाय टाकत नाही."

मागून कुणीतरी हसलं, मग बरेच जण हसले. सामी परात न घेताच गेले.

तिसरा हिस्सा भात गेला. उरलेल्यातून बियाणं निघालं. आता पोत्यातलं निम्मं आमच्या अण्णा नगरच्या घरात असतं. सगळं एका जागी ठेवायचं नाही हे मामा शिकले. गप्प बसायचं नाही हे मी शिकले. पाच दिवस बसले नसते तर तो गोल सुपाएवढाच राहिला असता, हे मला अजून टोचतं.

म्हणून सांगते. किडा असो की आजार, कुणी म्हणालं की आत जाऊ नका, हात लावू नका, विचारू नका, तर आधी तिथेच जाऊन बघा. खऱ्या औषधाला तपासणीचं भय नसतं.

परात आजही बांधावर आहे. मामा संध्याकाळी तिच्यावर साधा बल्ब लावतात. किडे वाढलेले दिसले की नमस्कार करत नाहीत, चपला काढून शेतात उतरतात आणि चूड थापटतात.