वारुळाला लावलेली हळद

चार वर्षं मी एका वारुळाची हजेरी घेतली. तमिळ मुलखात, ओरत्तनाडुजवळ, कालव्याच्या काठी, कडुलिंबाखाली होतं ते. ऑक्टोबरच्या पावसात त्याच्या अंगावर करड्या टोप्यांची अळंबी उगवायची. आमच्या माहितीत ती दुसरीकडे कुठेच नव्हती. पहिल्या वर्षी अकरा, मग नऊ, मग सात. शांभवी, मोजण्यापलीकडे आपल्या हातात काही नाही, असं आमच्या कॉलेजातले विभागप्रमुख कृष्णस्वामी म्हणायचे. मला ते पटायचं नाही. मोजायला काय, कुणालाही येतं.

यंदाच्या उन्हाळ्यात कालवा रुंद करायला खोदाईचं यंत्र आलं. मी अर्ज केले, कचेऱ्यांचे उंबरठे झिजवले. अळंबीसाठी कालवा थांबवायचा म्हणून सगळे हसले. शेवटी एका दुपारी, मजूर जेवायला गेलेले पाहून, मी वारुळाला हळद फासली, कुंकू लावलं आणि कडुलिंबाला पिवळं कापड गुंडाळलं. आमच्याकडे वारूळ म्हणजे नागाचं घर, अम्मन देवीचं ठाणं. चालकानं चपला काढून हात जोडले आणि यंत्र वळसा घालून नेलं. मी स्वतःवरच खूश झाले. केवढी ती अक्कल!

पुढच्या शुक्रवारी गावातल्या बायका दूध घेऊन आल्या. मग दर शुक्रवारी येऊ लागल्या. वारुळाच्या भोकांत दूध, अंडी, वर हळदीचे थर. दुधामागून मुंग्या आल्या आणि वाळवी निघून गेली. ही अळंबी वाळवीच्या जिवावर जगते, हे मी दहा वर्षं वर्गात शिकवते आहे.

मी धावत चंद्रमतीअक्कांकडे गेले. पूजेचं सगळं त्याच बघत. आपल्यातल्या, घरात मराठी बोलणाऱ्या, म्हणून वाटलं, ऐकतील. अम्मन वगैरे काही नाही, हळद मीच लावली, हे मी रडत रडत सांगितलं. त्यांनी माझे डोळे पुसले.

"हात तुझे, पोरी," त्या म्हणाल्या. "लावून घेतली ती तिनं."

तेव्हापासून पूजेचा पहिला मान मला मिळू लागला. नको म्हटलं की बायका आणखी आदरानं बघत.

पाऊस यंदा चांगला झाला. तोवर वारुळाभोवती सिमेंटचा कट्टा आणि वर पत्र्याचं छप्पर आलं होतं. चार आठवडे मी गुडघ्यांवर बसून शोधत राहिले. बायकांना वाटलं, मी नमस्कार करते आहे. एकही टोपी उगवली नाही.

अहवालात हवामानबदल लिही, कुणी विचारणार नाही, असं कृष्णस्वामींनी सुचवलं. नष्ट होण्याचं कारण, या रकान्यात मी माझं नाव लिहिलं. त्याच शुक्रवारी अक्कांनी पहिला हार माझ्या हातात दिला, आणि मी तो वारुळाला घातला.