अडकलेलं मन

मायक्रोफोनच्या काळ्या स्पंजाला वरच्या बाजूला एक बारीकसा खड्डा पडला होता, बोलता बोलता कुणी नख रुतवावं तसा... आणि त्या खड्ड्याकडे बघत राहिलं की समोरच्या पुस्तकाकडे बघावं लागत नाही, हे तिला बसल्या बसल्याच कळलं. परक्यांच्या बाळांना पगारावर अंगावर पाजणाऱ्या बायकांचा, दूधआयांचा इतिहास. रेडिओवरच्या तिच्या कार्यक्रमात असलीच पुस्तकं यायची. कुणी शेवाळावर लिहिलेलं असायचं, कुणी बुजलेल्या विहिरींवर. काचेपलीकडे ध्वनिमुद्रण करणारे मामा—सगळ्या केंद्राचेच मामा—कालच फोनवर म्हणाले होते, "रजेवरून आल्या आल्या हे पुस्तक नको गं. शेवाळवाल्याला बोलावतो."

"नको. हेच करू."

का म्हणाले मी असं?... अजून कळलेलं नाही.

लेखिकाबाई वयस्कर, ऐसपैस. खुर्चीत बसता बसता "आता मला उठवायला क्रेन मागवा" म्हणून स्वतःच हसल्या. त्यांना काही ठाऊक नव्हतं, ते बरं होतं. ज्यांना ठाऊक होतं ते आवाज खाली आणून 'जे झालं ते' म्हणायचे—जणू गेली ती कुणी नव्हतीच, नुसतं काहीतरी झालं होतं.

ध्वनिमुद्रणाचा लाल दिवा लागला. मुलाखत छान चालली होती. दुधाचा थेंब नखावर घेऊन त्याचा दाटपणा कसा पारखायचे, ते बाईंनी रंगवून सांगितलं. तिचे प्रश्न आपोआप येत होते, सवयीने. आणि मग, कागदावर नसलेला, हाही आला—

"आणि या बायकांची स्वतःची मुलं?"

"हे कुणी विचारत नाही बघा. काहींची गावी, कुणाच्या तरी पदरात. काहींची गेलेली. काही घरांत तर मूल गेलेलीच बाई पसंत करायचे. दूध असायचं, आणि मन कुठे अडकलेलं नसायचं, असं म्हणायचे."

अडकलेलं नसायचं.

दवाखान्यातून ती रिकाम्या हातांनी घरी आली, आणि गोळ्या घेऊनही दूध येतच राहिलं, मूर्खासारखं, कुणी निरोपच दिला नसल्यासारखं. भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचं बाळ रडलं की ब्लाउज भिजायचा, आणि नवरा तो बेसिनमध्ये धुवायचा, पाठमोरा. हाच नवरा अतिदक्षता विभागाच्या काचेला नाक लावून आतल्या बाळाला म्हणायचा, "काय ठमाबाई, झाली का झोप?" ते नाव नंतर घरात पुन्हा निघालं नाही. निघालं तर दोघांपैकी कोण आधी कोसळेल, याची दोघांनाही धास्ती...

"नाही," ती म्हणाली. आपलाच आवाज तिला हेडफोनमधून परका ऐकू आला. "दूध कुणाचंही मूल रडलं तरी येतं. त्याला कळत नाही, आपलं कोण ते. पण मन... मन अडकलेलंच असतं. त्या बायकांना कुणी विचारलंच नसेल."

काचेपलीकडे मामांचा हात वर गेला आणि तसाच राहिला. बाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. मग पुस्तक मिटून हळूच म्हणाल्या, "नाही विचारलं. मीसुद्धा हे लिहिलं नाही."

दिवा विझल्यावर मामा आत आले. खाली वाकून वायर गुंडाळत म्हणाले, "तेवढं काढून टाकू का? कुणाला पत्ता लागणार नाही."

तिने हेडफोन काढून मायक्रोफोनशेजारी ठेवला. "उद्या सांग," मामा म्हणाले आणि गेले.

बाई जागच्या हलल्या नव्हत्या. तिला वाटलं, आता त्याही 'जे झालं ते'... पण त्यांनी विचारलं, "मुलगी की मुलगा?"

"मुलगी."

"कुणासारखी होती गं?"

असं कुणी विचारलंच नव्हतं. आपल्याला आठवणारच नाही असं तिला वाटलं. आणि मग भराभर येऊ लागलं—कानाची पाळी बापासारखी, चिकटलेली. झोपेतही भुवई वर, एखाद्या खडूस हेडमास्तरणीसारखी... ती सांगत सुटली, हसलीसुद्धा. इतके दिवस लेक सगळीच्या सगळी फक्त माझ्याकडे होती, आता थोडी या बाईंकडे गेली. ती कमी झाली की वाढली, ते तिला कळेना. तरी ती थांबली नाही.

"आणि हात?" बाई म्हणाल्या.

"हात..." ती म्हणाली, आणि घाबरून, आठवू लागली.