द्वारकाबाईंचं ताट

वजनकाट्यावर पाय ठेवण्याआधी द्वारकाबाईंनी चपला काढल्या, पिशवी खाली ठेवली, कमरेची चंची भावाच्या हातात दिली आणि मग मनगटातल्या बांगड्यांकडे बघू लागल्या.

"अक्का, आता दात तेवढे काढायचे राहिले बघ," बाकावरून रामकिसन म्हणाला.

द्वारकाबाई हसल्या नाहीत. श्वास आत ओढून काट्यावर चढल्या. मागच्या महिन्यापेक्षा दोन किलो जास्त भरले.

रामकिसन त्यांचा धाकटा भाऊ. पाचोडला शेती होती. दोन्ही किडन्या निकामी झाल्यापासून तो आणि त्याची बायको आवडाबाई चिकलठाण्याला द्वारकाबाईंच्या दोन खोल्यांत येऊन राहिले होते, कारण आठवड्यातून दोनदा डायलिसिस शहरातच व्हायचं. द्वारकाबाईंची किडनी त्याला जुळत होती. हे कळलं त्या दिवशी त्यांनी लेक दहावी पास झाल्यासारखं साऱ्या गल्लीत सांगितलं होतं. पण डॉक्टर म्हणाले, या वजनावर तुमच्याच जिवाला धोका आहे, दहा किलो कमी करून या, मग तारीख देतो.

दहा किलो म्हणजे फार नव्हतं. कंपनीच्या कँटीनमध्ये पोळ्या लाटणाऱ्या द्वारकाबाई रोज सकाळी तेवढी कणीक तर मळून मोकळ्या व्हायच्या.

वजन कमी करायचं म्हणजे खाणं कमी करायचं, आणि खाणं कमी करायचं म्हणजे उपास, एवढा सरळ हिशेब त्यांनी केला. सोमवार होताच. त्यात दत्ताचा गुरुवार आणि मारुतीचा शनिवार धरला. एकादशी कधी चुकवली नव्हती. शिवाय उपास भावासाठी. वजनही उतरेल आणि देवालाही कळेल, एका कामात दोन कामं.

आहार सांगणाऱ्या मॅडम वयाने त्यांच्या मुलीएवढ्या होत्या. त्यांनी विचारलं, "मावशी, काल काय खाल्लं?"

"काय नाय. काल उपास व्हता."

"म्हणजे अगदी काहीच नाही?"

"नुस्ता फराळ. सकाळी साबुदाण्याची खिचडी, दुपारी भगर अन् शेंगदाण्याची आमटी. संध्याकाळी उपास सोडला."

"खिचडी किती?"

द्वारकाबाईंनी दोन्ही हातांनी ताट दाखवलं. मागून रामकिसन म्हणाला, "मला पाणी मोजून, अन् अक्काला खिचडी परातीनं. आमची आवडा तूप सोडती तिच्यावर. म्हनती, वन्संचं अंग ऱ्हायलं पायजे, त्यांच्यातलं तुमाला मिळनार हाय."

त्याच्या शेजारी बसलेल्या आवडाबाई खाली बघू लागल्या. मॅडम सावकाश म्हणाल्या, "मावशी, साबुदाणा, शेंगदाणे, बटाटा, तूप. एवढं तर तुमच्या रोजच्या जेवणातही नसतं."

"पन ते उपासाचं हाय ना," द्वारकाबाई म्हणाल्या.

त्यांना खरंच वाटत होतं की उपासाचं अंगाला लागत नाही. त्यांच्या आईला तसंच वाटायचं आणि आईच्या आईलाही. पिढ्यानपिढ्या बायका भगर खाऊन उपाशी राहत आल्या होत्या, आणि त्यांना कुणी कधी काट्यावर उभं केलं नव्हतं.

घरी येताना रिक्षात द्वारकाबाईंना शरम वाटत होती. भाऊ मशीनला लागलेला आणि आपण तूप खातोय. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी फराळ सोडला आणि भाकरीही सोडली. सकाळी लिंबूपाणी, संध्याकाळी लिंबूपाणी. आवडाबाईंनी ताट पुढे केलं की त्या ते परत सरकवायच्या.

"वन्सं, एक घास तरी खा."

"नको. खाऊ घालूनच तू माझं वाटोळं केलंस," द्वारकाबाई एकदा म्हणून गेल्या. आवडाबाई ताट घेऊन आत गेल्या.

काटा भराभर उतरला. द्वारकाबाई खूश, पेढे वाटायचे तेवढे राहिले. मग एके दिवशी कँटीनमध्ये पोळी उलटताना त्यांच्या डोळ्यांपुढे अंधार आला आणि त्या तव्याशेजारीच पडल्या. उजवा हात कोपरापर्यंत भाजला. रक्त तपासलं, लघवी तपासली. डॉक्टर म्हणाले, अशा प्रकृतीत आम्ही तुमची किडनी घेणार नाही. आधी तब्येत सुधारून या.

मॅडम रागावल्या नाहीत. "मावशी, उपाशी राहून उतरलेलं वजन जेवायला लागलात की परत चढतं. एक भाकरी, वाटीभर वरण, पालेभाजी, काकडी. दोन्ही वेळा, वेळेवर. आणि रोज चालायचं. हळूहळू उतरेल, पण टिकेल."

"अन् उपास?"

"ऑपरेशन झाल्यावर धरा."

भावासाठी धरलेले उपास भावासाठीच सोडायचे, हे काही द्वारकाबाईंच्या गळी उतरेना. दोन दिवस त्या देव्हाऱ्यासमोर नुसत्या बसून राहिल्या. शेवटी रामकिसननेच निकाल लावला.

"देवाचं मी बघतो, अक्का. मलाच आधी भेटायचं हाय त्याला. तू भाकर खा."

"वंगाळ बोलू नको," त्या म्हणाल्या, आणि जेवायला बसल्या.

मग ते दिवस बरे गेले. भाऊबहीण समोरासमोर जेवायला बसायचे. आवडाबाई नवऱ्यासाठी लहान कढईत बिनमिठाची भाजी वेगळी करायच्या. द्वारकाबाईंच्या ताटात मोजकी भाकरी आणि रामकिसनच्या पेल्यात मोजकं पाणी. "दोघंबी रेशनवर," तो म्हणायचा. संध्याकाळी त्या मैदानाला फेऱ्या मारायच्या आणि तो कट्ट्यावर बसून ओरडायचा, "अक्का, पाय उचल, म्हैस येती मागून!"

वजन मुंगीच्या पावलानं उतरलं, पण उतरलं. काटा हव्या त्या आकड्यावर आला तेव्हा द्वारकाबाई चपला घालूनच उभ्या होत्या. डॉक्टरांनी तारीख दिली.

तारीख यायच्या आधीच, मशीनवर असताना रामकिसनचं हृदय बंद पडलं.

असं होतं, यात कुणाची चूक नाही, डॉक्टर म्हणाले. द्वारकाबाईंनी मान डोलावली. पण खिचडीचे ते महिने आणि लिंबूपाण्याचे ते आठवडे त्यांच्या मनातून जाईनात. आपण पहिल्या दिवसापासून भाकरी खाल्ली असती तर भाऊ आज असता, असं त्यांना वाटत होतं, आणि ते खोटं आहे असं त्यांना कुणी खात्रीनं सांगू शकत नव्हतं.

तेरावा पाचोडला झाला. पंगतीला बुंदी, पुरी, भात. द्वारकाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. पुढ्यातली पत्रावळ तशीच होती.

"खा की गं पोटभर," चुलती सारजाबाई म्हणाल्या. "आता कुनासाठी वजन राखती?"

तेवढ्यात आतून आवडाबाई आल्या. कपाळ मोकळं, पदर डोक्यावर. त्यांनी पत्रावळ उचलून बाजूला केली आणि तिथं रामकिसनचं स्टीलचं ताट ठेवलं. त्यात एक भाकरी, वाटीभर वरण, मेथीची भाजी, काकडीच्या फोडी.

"वन्संचं जेवन येगळं असतं," त्या सारजाबाईंना म्हणाल्या, आणि पुऱ्या वाढायला निघून गेल्या.

द्वारकाबाईंनी भाकरीचा तुकडा मोडला, भाजीला लावला आणि तोंडात घातला. भाजीत मीठ नव्हतं. आवडाबाईंनी सवयीनं लहान कढईतच केली होती.

सारजाबाईंनी विचारलं, "काय पायजे का गं?"

"काय नाय," द्वारकाबाई म्हणाल्या. वरणाला मीठ होतं, पण त्यांनी ते भाजीत मिसळलं नाही. आधी भाजी संपवली. सगळी.