घरच्यांना घेऊन टेकडी

शिट्टीबाईंच्या परीक्षेत पेपर नसतो. घरचे असतात.

आमच्या शहराच्या कडेला टेकड्यांचं मोठं उद्यान आहे. रविवारी तिथे घरंच्या घरं चालायला येतात. कडेवरची बाळं, काठी टेकणारे आजोबा, फोनवर भांडणाऱ्या ताया, सगळे. शिट्टीबाई तिथल्या रखवालदार. गळ्यात कायम शिट्टी, म्हणून हे नाव. ते त्यांना माहीत आहे आणि आवडतंही, असा माझा संशय आहे. दर शनिवारी त्या आम्हा शाळकरी पोरांना डोंगर चालायला शिकवतात आणि सुट्टीत निवडक जणांना खऱ्याखुऱ्या उंच डोंगरांतल्या शिबिराला नेतात. निवड अशी, की आपल्या घरच्यांना घेऊन टेकडी चढायची आणि सगळ्यांना धड परत आणायचं.

"परकी माणसं ऐकतात गं," त्या म्हणतात. "घरची ऐकली तर मी मानेन."

गेल्या वर्षापर्यंत मी वर्गात हजेरीसुद्धा कुजबुजत द्यायचे. यंदा मला आवाज फुटलाय! पुढे पळालेल्या पोरांना हाका मारून मारूनच फुटला असणार. त्यामुळे दंडाला गटप्रमुखाचा नारिंगी पट्टा बांधून मी फाटकात उभी राहिले, तेव्हा शिबिर जवळजवळ माझ्या खिशात होतं.

नियम सोपा. सगळ्यात हळू चालणारा पुढे, गटप्रमुख सगळ्यात मागे. म्हणजे कुणी मागे राहत नाही आणि कुणाला धाप लागत नाही.

"हळू चालणारा पुढे? मग माझा सत्कार करा," पोटावरून हात फिरवत काका पुढे सरसावले.

"काका, तुम्ही हळू नाही, आळशी आहात. फरक आहे."

"बघ दादा, तुझी लेक! जिभेला हाड म्हणून नाही."

"लाडावलीय," बाबा म्हणाले, पण हसले. सकाळी त्यांचा मूड छान होता.

मी आईला पुढे केलं. घरात सगळ्यात हळू तीच चालते, कारण बाबांचा चष्मा, काकांची टोपी, ढब्बूची बाटली, सगळं तिच्या पिशवीत. जरा चाललं की कुणीतरी काहीतरी मागतं, ती थांबते, आणि आम्ही पुढे निघून जातो. ढब्बू म्हणजे माझी धाकटी बहीण. वय लहान, मागण्या मोठ्या. मी पिशवी काढून काकांच्या खांद्याला अडकवली.

"मी पुढे? अगं, मला रस्ता कुठे माहितीय?"

"झाडांवर पिवळे ठिपके आहेत. ते बघत जायचं. बास."

आधी ती प्रत्येक वळणावर मागे वळून बघायची, चूल पेटती ठेवून आल्यासारखी. मग बघायची थांबली. हात मोकळे सोडून चालायला लागली. एका सपाट खडकापाशी आपण होऊन थांबली आणि म्हणाली, "इथे बसू या." आणि आम्ही बसलो! आईने सांगितलं म्हणून आमचं अख्खं घर खाली बसलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. तिने संत्रं सोललं आणि पहिली फोड स्वतःच्या तोंडात टाकली. मला नाचावंसं वाटत होतं.

बाबांना मात्र बसवेना.

"या वेगाने वर पोचेपर्यंत ढब्बूचं लग्न ठरलेलं असेल."

"मला नाही करायचं लग्न," ढब्बू म्हणाली.

"शहाणी आहेस," काका म्हणाले.

वरच्या वळणावर डावीकडे एक घळ आहे. पूर्वी लोक तिथून सरळ शिखरावर जायचे. आता माती सुटलीय, म्हणून तिथे रोपं लावलीत आणि आडवी दोरी बांधलीय. बाबा दोरीपाशी थांबले.

"इथून गेलो की झालंच."

"बाबा, ते बंद आहे."

"बंद नवख्यांना. तुझ्या जन्माच्या आधीपासून चढतोय मी इथून."

"बाबा, माझी परीक्षा आहे. नका ना जाऊ."

"परीक्षा तुझी आहे, माझी नाही. चल गं ढब्बू, वर जाऊन यांना टुकटुक करू."

त्यांनी दोरी उचलली. आई पुढून परत आली आणि म्हणाली, "अहो, नका ना." मी ओरडले. मनापासून, पोटातून ओरडले. खालून चढणारं एक कुटुंब थांबून बघायला लागलं. बाबांनी मागे न बघता नुसता हात हलवला.

दगड सुटल्याचा आवाज आला आणि मग ढब्बूचा.

ती घसरत घसरत रोपांमध्ये येऊन अडकली. गुडघा सोललेला, हनुवटीवर रक्त, तोंडात माती. मी दोरीखालून शिरून तिला ओढून आणलं. हाडबिड काही मोडलं नव्हतं. बाबा कपडे झटकत उतरले. चेहरा पांढरा, पण बोलणं तेच. "धरून चाल म्हटलं होतं हिला!"

शिखर राहिलं. आम्ही उतरलो. वाटेत एकटी ढब्बूच बोलत होती, बाकी कुणी नाही.

फाटकात शिट्टीबाई उभ्याच होत्या. त्या कुटुंबाने फोन करून कळवलं होतं, नारिंगी पट्टेवाल्या गटातलं मूल पडलं म्हणून. बाईंनी आधी ढब्बूची हनुवटी पुसली, औषध लावलं, मग सरळ झाल्या.

"मुलीला दोरीपलीकडे कुणी नेलं?"

"गटप्रमुख तीच," बाबा माझ्याकडे हात करत म्हणाले. आजूबाजूला माणसं जमली होती. "पट्टा तिच्याच दंडाला आहे."

"मी अडवलं होतं, बाई. बाबांनीच दोरी उचलली."

शिट्टीबाईंनी आम्हा दोघांकडे पाहिलं. मग आईकडे. "ताई, तुम्ही सांगा."

काका खाली वाकून बुटाची नाडी बांधायला लागले. नाडी बांधलेलीच होती.

बाबांचा चारचौघांत अपमान झाला की घरी काय होतं, हे आम्हाला पाठ आहे. ते मारत नाहीत, शिव्या देत नाहीत. फक्त बोलायचं बंद करतात. भरलेलं ताट सरकवून उठतात, दारं आपटतात, आणि आई घरभर दबक्या पावलांनी चालते. कधी कधी महिनाभर.

आईने बाबांकडे पाहिलं. मग म्हणाली, "हीच म्हणाली, इथून जवळ पडेल."

"मीच पडले," ढब्बू म्हणाली. "बाबा नाही पडले."

मला वाटतं, शिट्टीबाईंना कळलं होतं. पण त्यांनी हात पुढे केला. "पट्टा दे. खरं कुणाचं ते मी ठरवत बसत नाही. मूल दोरीपलीकडे गेलं. तिकडे शिबिरात कड्यावर असं झालं तर मी काय करू? पुढच्या वर्षी ये."

गाठ मला सुटेना. त्यांनीच सोडली.

"आई, तू खोटं बोललीस." मी हे हळू म्हटलं नाही. फाटकातल्या प्रत्येकाला ऐकू गेलं. आईची मान खाली गेली.

"आईशी असं बोलतात?" बाबा लगेच म्हणाले. आता ते अगदी बरोबर होते. "ही शिकवण मिळते का इथे?"

बाबांनाही मी खोटारडे म्हणू शकले असते. तोंडावर, सगळ्यांसमोर. माझा नवा आवाज तिथपर्यंत पोचला नाही, आईवरच थांबला.

गाडीत बाबा आणि काका पुढे बसले. मागे ढब्बू आईच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली होती. पिशवी आईच्या पायाशी. आई बराच वेळ खिडकीतून बघत होती. मग अगदी बारीक आवाजात म्हणाली, "तुझं शिबिर पुढच्या वर्षी होईल गं. मला आज घरी जायचंय."

"मला नाही का जायचं त्याच घरी?" मी म्हटलं.

तिने माझा हात धरायला हात पुढे केला. मी तो धरू दिला नाही.

पुढे बाबा काकांना सांगत होते, "माणसं सांभाळायची म्हणजे सोपं नसतं रे. ते अंगातच असावं लागतं."

"खरंय, दादा," काका म्हणाले.