रताळ्या कुणाचा?

दिलीप केळुसकर तसे कुणाला घाबरत नसत, फक्त सोसायटीच्या मीटिंगला घाबरत. रताळ्या हा कुत्रा घरी येऊन आठवडाही झाला नव्हता, बिल्डिंगीत अजून फारसा कुणाला माहीत नव्हता, तोच त्याने लिफ्टमध्ये घाण केली. सेक्रेटरी सुधीररावांनी ग्रुपवर विचारलं, 'कुत्रा कोणाचा?' केळुसकरांनी आधी रताळ्याच्या गळ्यातला नाव-नंबराचा पट्टा काढला, मग उत्तर टाकलं, 'भटका दिसतोय. आमचा नाही.' बायकोला, चारुलताबाईंना, सांगितलं की पट्टा तुटला.

मग एकदा दार उघडं राहिलं आणि रताळ्या गेला.

शोधत शोधत, एका रिक्षावाल्याच्या सांगण्यावरून, दोघं पावणे गावात पोचले. तिथे गोजराबाई नावाच्या बाईंच्या अंगणात रताळ्या लुगड्याच्या पट्टीने बांधलेला, समोर माशाचं डोकं. शेपूट सगळ्यांसाठी सारखीच हलत होती.

"तुमचाच कशावरनं?" गोजराबाईंनी विचारलं.

चारुलताबाईंनी फोटो दाखवला.

"फोटू काल येका बायनं बी दाखवला. तपकिरी कुत्री समदी सारकीच. गल्यात काय नाय त्याच्या. बिल्डिंगीतला कोन वलखतो काय? लावा फोन."

"अहो, लावा ना सुधीररावांना!" चारुलताबाईंचा आवाज फुटला. कालपासून त्या जेवल्या नव्हत्या.

"रेंज नाहीये इथे."

"माज्या फोनला हाय," म्हणत गोजराबाईंनी फोन पुढे केला.

केळुसकरांनी रताळ्याकडे पाहिलं. हात हलवत परत गेलो तर आपलं झाकलेलं राहील, हा विचार त्यांच्या मनात आला, आणि आला म्हणूनच त्यांना स्वतःची किळस वाटली. त्यांनी नंबर लावला. गोजराबाईंनी स्पीकर सुरू केला.

"सुधीरराव, आमच्याकडे तपकिरी कुत्रा आहे, एवढं या बाईंना सांगा."

"काय केळुसकर, मस्करी करता? तुम्हीच लिहिलंत ना, भटका आहे, आमचा नाही? म्हणून तर वॉचमनला सांगितलं, दिसला की गेटबाहेर हाकल. काल हाकललाय त्याने."

केळुसकरांनी फोन बंद केला.

"पट्टा तुटला होता ना?" चारुलताबाईंनी विचारलं.

"मी काढला."

गोजराबाई खाली वाकून गाठ सोडू लागल्या. "न्या. कुत्रा यांचाच हाय. दुसऱ्याच्या कुत्र्यापायी कोन बायकोसमोर येवढी लाज काढून घेल?"

पट्टी त्यांनी चारुलताबाईंच्या हातात दिली, केळुसकरांच्या नाही.

रिक्षात चारुलताबाई बाहेर बघत बसल्या. रताळ्या मधोमध पसरला आणि केळुसकरांच्याच मांडीवर डोकं ठेवून झोपला. एकदा तरी गुरकावला असता, तर त्यांना जरा बरं वाटलं असतं.