दोन सूत

मित्रांनो, मी एक जुनी कात्री आहे. कापडाची कात्री. कागदाची नव्हे, हे आधीच सांगून ठेवते, कारण या एका गोष्टीवरून माझं डोकं फिरतं. माझी धार अजून बरी आहे, आणि जीभही. म्हणून मी जे सांगणार आहे ते गोड लागणार नाही. मला एका थोर माणसाची कीर्ती सांगायची आहे. त्याचं नाव रसेल व्हिटकॉम. अमेरिकेतला नावाजलेला फॅशन डिझायनर. एका मासिकाने त्याला 'कात्रीचा जादूगार' म्हटलं होतं. ती कात्री म्हणजे मी. त्याने आयुष्यात माझ्याकडून एकच काप घेतला, तोही वाकडा.

माझा जन्म मीरतचा. १९७१ साली कराडच्या रामचंद्र टेलरांनी मला विकत घेतलं. त्यांनी मला दगडावर घासलं, मुठीला चिंधी गुंडाळली आणि खालच्या पात्यावर, टोकापासून दोन सूत अंतरावर, कानशीने एक बारीक खाच पाडली. सूत म्हणजे दोरा, हे तुम्हाला ठाऊक आहे. पण शिंप्याचं आणि सुताराचं सूत वेगळं. इंचाचे आठ भाग केले की त्यातला एक भाग म्हणजे सूत. तिरपं कापलेलं कापड टांगलं की आपल्याच वजनाने लांबतं आणि अंगाला आवळतं. म्हणून खडूच्या रेघेबाहेर दोन सूत सोडून कापायचं. माझं टोक रेघेवर ठेवायचं आणि खाचेवर खूण करायची. टेप लागत नाही. एवढीच माझी विद्या.

रामचंद्र टेलरांची मुलगी उर्मिला. तिच्या लग्नात वडिलांनी मला पाटावर ठेवलं आणि तिने पाटावरून उचललं. कात्री या हातातून त्या हातात देत नाहीत, भांडण होतं म्हणतात. १९९० साली ती मला बॅगेत साड्यांच्या घडीत घालून दुबईला घेऊन आली. तिचा नवरा विलास तिथल्या अल क्वोज भागात लोखंडी सळ्यांच्या गोदामात स्टोअरकीपर होता. दोन गल्ल्या सोडून हनीफमास्टरांचं शिवणकामाचं वर्कशॉप होतं. तिथे उर्मिला कापायला बसू लागली.

दुपारी विलास डबा घेऊन वर्कशॉपमध्ये यायचा. गोदामात एसी नव्हता, इथे होता. तो कापायच्या टेबलाच्या कडेला बसून जेवायचा आणि तिला चिडवायचा.

"तुमचं काय, कापड! आमच्याकडे चार सुती सळईत एक सूत चुकलं तर इमारत पडेल."

"आणि आमच्याकडे चुकलं तर भर मांडवात नवरीचं ब्लाउज फाटेल, अहो. इमारतीला निदान लाज नसते."

विलास ठसका लागेपर्यंत हसायचा. मग ती त्याच्या पुढ्यात पाणी सरकवायची. त्या दोघांचं सूत असं जुळलेलं होतं. मी ते रोज पाहत होते.

आता आपल्या थोर माणसाकडे वळू. व्हिटकॉम ओहायोतल्या टायरच्या दुकानदाराचा मुलगा. न्यूयॉर्कमध्ये तो दुकानांच्या काचेतल्या पुतळ्यांना कपडे घालायचा. पुतळे तक्रार करत नाहीत, त्यामुळे त्याला वाटलं आपल्याला जमतं. स्वतःची दोन दुकानं काढली, दोन्ही बुडाली. मग १९९५ साली तो दुबईला आला आणि एका बड्या हॉटेलच्या वेटरांचे गणवेश त्याने आखून दिले. गणवेश देखणे होते. फक्त ते घातल्यावर वेटरला ट्रे उचलता येईना.

ते ऐंशी गणवेश दुरुस्तीला हनीफमास्टरांकडे आले. उर्मिलाने एक उलटा करून पाहिला.

"मास्टर, हा मुंढा कुणी कापला?"

"अमेरिका का बडा डिझायनर है, बहन."

"त्याला सांगा, माणसाला काखा असतात."

चार दिवसांत तिने ऐंशी मुंढे मोकळे केले. पाचव्या दिवशी व्हिटकॉम स्वतः आला. गळ्यात रेशमी रुमाल होता, चारशे दिरहमचा. मणीकाम करणारी झुबेदा पुटपुटली, "चार हजार रुपये, आणि त्यात नाकसुद्धा पुसायचं नाही!" उर्मिलाने त्याचं नाव दोनदा विचारून घेतलं आणि मराठीत बसवलं. व्हिटकॉमचा झाला विटका. त्या दिवसापासून वर्कशॉपमध्ये तो विटकाच. हनीफमास्टरही म्हणायचे, "विटका साब आया है, चाय लाओ." त्याला वाटायचं हा इथला मानाचा शब्द असेल.

पुढच्या वर्षी त्याने एका हॉटेलात कपड्यांचा शो ठरवला आणि अकरा चित्रं आणून टेबलावर पसरली. चित्रातल्या बाईला गुडघे नव्हते.

"ही बसणार कशी?" उर्मिलाने विचारलं.

हनीफमास्टरांनी त्याला विचारून सांगितलं, "बोलता है, बैठेगी नहीं. खड़ी रहेगी."

"मग उभीच पुरा तिला."

पण चांगलं कापड समोर असलं की उर्मिलाला राहवत नसे. ती तिच्या आईचं नऊवारी नेसणं आठवत बसली. मागे खोचलेला काष्टा, तरी चालायला, वाकायला, मांडी घालायला मोकळीक. तिने तीच घडी एका अखंड कापडात तिरपी कापली. मागे शिवण नाही. घातल्यावर कापड पाण्यासारखं पडायचं, आणि बाई खुर्चीतच काय, जमिनीवरही बसू शकायची. अकरापैकी तो एकच झगा लोकांनी डोक्यावर घेतला. व्हिटकॉमने त्याला नाव दिलं 'वाळवंटाची घडी'. वाळवंट त्याने मोटारीच्या काचेतून पाहिलं होतं.

त्या झग्याने तो मोठा झाला. अमेरिकेतून फोटोवाले आले. त्याने उर्मिलाच्या हातातून मला ओढून घेतलं. हो, ओढून. अंगठ्याच्या भोकात तीन बोटं घातली आणि मला छातीशी धरून आकाशाकडे पाहिलं. फोटोवाला म्हणाला, काहीतरी कापा. त्याने कापलं. तो हाच माझा वाकडा काप. मासिकात छापून आलं की ही कात्री त्याच्या ओहायोच्या आजोबांची आहे आणि प्रत्येक झगा तो स्वतः कापतो. मित्रांनो, मी कराडची! फोटोत माझ्या पात्यावरची खाच स्वच्छ दिसते. त्याच्या नाकापासून वीतभर अंतरावर. त्याने ती कधी पाहिली नाही.

विलासने ते मासिक आणून तिच्या पुढ्यात आपटलं. "तुझं नाव कुठंय यात?"

उर्मिलाने मासिक मिटून बाजूला ठेवलं. पण व्हिटकॉम परत आला तेव्हा तिने हनीफमास्टरांना मधे घालून सरळ विचारलं, "झग्यावर माझं नाव घालणार का? बाहेर नको. आत, गळ्याच्या मागे, जिथे फक्त धोब्याला दिसेल तिथे."

व्हिटकॉमने हात छातीवर ठेवला आणि म्हणाला, पुढच्या वेळी, नक्की, इन्शाल्ला. इन्शाल्ला हा शब्द तो तेवढ्यासाठी शिकला होता.

तिला दुसरं काही नको होतं. वडिलांच्या दुकानावर त्यांच्या नावाची पाटी होती. तिचं नाव कुठेच नव्हतं. दर खेपेला नवे झगे शिवून खोक्यात भरले जायचे आणि ती एकेक गळा उलटून बघायची. दर खेपेला तिथे त्याचंच नाव असायचं.

१९९८ साली त्याने झग्याचा कागदी फर्मा मागून घेतला आणि परस्पर अमेरिकेतल्या एका कारखान्यात दिला. फर्म्यावर खडूची रेघ कुठे येते ते दिसतं, रेघेबाहेर काय सोडायचं ते दिसत नाही. कारखान्याने फोन करून विचारलं, कापताना काही विशेष? हनीफमास्टरांनी रिसीव्हरवर हात ठेवून उर्मिलाला विचारलं. तिला लपवता आलं असतं. पण कापड वाया गेलेलं तिला बघवत नसे.

"दोन सूत सोडा म्हणावं."

हनीफमास्टर हैदराबादचे. मराठी सूत त्यांना ठाऊक असायला हवं होतं, आठ वर्षं तिच्या शेजारी बसले होते. पण फोनवर इंग्रजी बोलायचं म्हटलं की त्यांची घाई व्हायची. ते ओरडले, "लीव्ह टू थ्रेड, सर! टू थ्रेड!"

कारखान्याने अगदी सांगितलं तसं केलं. प्रत्येक झग्याच्या प्रत्येक शिवणीला दोन-दोन दोरे लोंबते सोडले.

झगे अंगाला आवळले, आणि वर दोरे लोंबत होते. व्हिटकॉमने काय करावं? त्याने पत्रकारांना सांगितलं की ते दोरे म्हणजे हाताच्या स्पर्शाची आठवण आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या! पण टाळ्या उभ्याने वाजवता येतात. झगे विकत घेणाऱ्या बायका जेवायला बसल्या आणि बाजूंनी उसवल्या. दोन वर्षांत निम्मे झगे परत आले.

तोवर उर्मिला आजारी पडली होती. पोटात गाठ होती. २००१ मध्ये ती दुबईच्या करामा भागातल्या घरी पलंगावर होती आणि मी उशाशी, कापडी पिशवीत. एका शुक्रवारी सकाळी बेल वाजली. दारात व्हिटकॉम, हातात पांढरी फुलं, आणि मागे ओशाळलेले हनीफमास्टर.

विलास दारातून हलला नाही. "काय पाहिजे?"

"भाईसाब, नाम लेके आया है," हनीफमास्टर म्हणाले. "सच में. लेबल छापके लाया है. बस एक बार काटके दिखा दे, बोलता है."

आतून उर्मिलाने हाक मारली, "अहो, येऊ द्या."

व्हिटकॉमने खिशातून सॅटिनची पट्टी काढून तिच्या हातात ठेवली. वर सोनेरी अक्षरं. उर्मिलाची नजर तेव्हा अंधूक झाली होती. तिने आपल्या तेरा वर्षांच्या मुलीला, मिहिकाला, जवळ बोलावलं.

"मिहू, वाच गं. काय लिहिलंय?"

मिहिकाने पट्टी पाहिली. मग बापाकडे पाहिलं.

"आई... इट सेज उर्सुला."

"कोण?"

"उर्सुला. दॅट्स नॉट यू."

मग उर्मिला हसू लागली. पोट दाबून हसली, डोळ्यांत पाणी येईतो हसली. तीन वर्षं तिने त्याच्यासाठी कापलं होतं आणि त्याला तिचं नाव एकदाही ऐकू आलं नव्हतं.

"विटका तो विटकाच. मिहू, कात्री ठेव इथे."

मिहिकाने मला चादरीवर ठेवलं. व्हिटकॉम पुढे वाकला, आता दाखवणार म्हणून. उर्मिलाने पट्टीच्या कडेला माझं टोक लावलं, खाचेवर नखाने खूण केली आणि एक चिंचोळी पट्टी कापून काढली. काप सरळ आला. ती कापलेली कड तिने त्याच्या तळहातावर ठेवली.

"हे घे. दोन सूत. खलास."

मित्रांनो, तो ज्यासाठी सात समुद्र ओलांडून आला होता ते त्याच्या तळहातावर होतं. बरोब्बर मापाचं. त्याने त्याकडे पाहिलं, खांदे उडवले आणि जाताना जिन्यात टाकून दिलं. मागून विलासने ते उचललं.

उर्मिला पुढच्या जानेवारीत गेली. व्हिटकॉमची कंपनी त्यानंतर वर्षभरात बंद पडली. आता तो तिकडे टीव्हीवर टॉवेल विकतो म्हणे. टॉवेलला मुंढा नसतो, त्यामुळे बरं चाललं असावं.

आणि मी? मी स्वयंपाकघराच्या खणात गेले. मसाल्यांची पाकिटं कापली. खोक्यांवरची चिकटपट्टी कापली. एकदा मिहिका शाळेच्या प्रोजेक्टसाठी माझ्याने पुठ्ठा कापत होती. विलास कामावरून आला आणि दारातूनच ओरडला.

"ठेव ती! आईची कात्री आहे ती!"

"इट्स जस्ट सिझर्स, बाबा!"

विलासने तिला कधी मारलं नव्हतं, तेव्हाही नाही. तो तसाच बुटांसकट खाली बसला. मग मला घेऊन माझा चिकटपणा रॉकेलने पुसला, आणि पाकिटातून ती सॅटिनची कड काढून माझ्या पात्यावर ठेवली. टोकापासून खाचेपर्यंत तंतोतंत बसली. सळ्या मोजणारा माणूस तो. त्याला आधी कळायला हवं होतं.

"हे दोन सूत," तो मुलीला म्हणाला. "आईने त्याला सगळं सांगितलं होतं."

त्या सुट्टीत मिहिकाने उर्मिलाच्या जुन्या साडीचा झगा कापायला घेतला. विलासने मला टेबलावर ठेवलं, तिने टेबलावरून उचललं. पहिल्या दिवशी वेडंवाकडं झालं. विटक्यापेक्षा बरं, एवढं मी म्हणेन. पण दोन सूत सोडलं होतं. झगा घालून ती मांडी घालून बसली. काही उसवलं नाही.

मग तिने गळ्याच्या आत दोऱ्याने नाव काढायला घेतलं. मराठी लिहिण्याची तिला सवय नाही, एकेक अक्षर विचारून टाके घालत होती.

"बाबा, उ, मि, ला. डन."

विलासने चष्मा लावून पाहिलं. "रफार राहिला."

"द लिटल हुक? कुठे?"

"वर. 'मि'च्या डोक्यावर."

तिने एक टाका घातला. विलासने बोट फिरवून पुन्हा वाचलं आणि तोंड फिरवून स्वयंपाकघरात चहा टाकायला गेला. दोरा मी कापला.

मित्रांनो, माझी तुमच्याकडे फार मोठी मागणी नाही. कापडाच्या कात्रीने कागद कापू नका. तिला तेलाचं बोट लावत जा. आणि घरात जी बाई तुमच्यासाठी कापते, शिवते, तिचं नाव तिच्या हयातीत एकदा नीट लिहून पाहा. रफारासकट.