गुरुवारचं सूप

"सूप नाहीये," काउंटरमागचा दाढीवाला म्हणाला. "सॅलड आहे, बर्गर आहे, भात आणि कच्चा मासा आहे. सूप नाही."

"आज गुरुवार आहे," सोल्वेग म्हणाली.

"हो ना. मग?"

"गुरुवारी वाटाण्याचं सूप असतं."

दाढीवाला हसला, पण हसण्यात कुचेष्टा नव्हती. "ते शाळेत असायचं. वर मोहरीची चटणी, मागून जॅम लावलेलं धिरडं. इथं कोण खाणार ते? इथं सगळे परगावचे."

मागच्या माणसाची चाकांची बॅग टाचेला लागली तशी सोल्वेग रांगेतून बाजूला झाली. हा तिसरा काउंटर. स्टॉकहोमचा एवढा मोठा विमानतळ, चहूकडे खाण्याचे वास, आणि तिला जेवावंसं वाटेल असं काही नाही.

खरं म्हणजे सूप कुठे आहे हे तिला पक्कं ठाऊक होतं. स्वच्छतागृहांच्या शेजारी एक करडा दरवाजा होता, त्यावर कसलीच पाटी नव्हती. आत जिना, खाली कर्मचाऱ्यांचं कँटीन. तीसेक वर्षं ती दर गुरुवारी त्या दाराला आपला पास लावत आली होती. लांब उभ्या असलेल्या विमानांपर्यंत प्रवाशांना नेणारी बस ती चालवायची. किती माणसं तिनं विमानाच्या पायरीशी सोडली असतील. स्वतः मात्र दोनदाच विमानात बसली होती.

गेल्या महिन्यात ती निवृत्त झाली. केक झाला, फुलं झाली, पास परत घेतला गेला. निघताना सगळे म्हणाले, "ये हं एखाद्या गुरुवारी." लोक असं म्हणतातच. सोल्वेगनं ते आमंत्रण म्हणून घरी नेलं आणि जपून ठेवलं. लिस्बनहून मुलगी म्हणाली होती, "आई, शनिवारी ये, मला न्यायला येता येईल." शनिवारची तिकिटं संपलीत, असं सोल्वेगनं सांगितलं. संपली नव्हती.

आणि एवढं करून ती येणार असल्याचं तिनं इथं कुणालाच कळवलं नव्हतं. कळवायचं म्हणजे आपलं कौतुक आपणच करून घ्यायचं. मग कुणीतरी वर येणार, पाहुणी म्हणून आपल्या नावानं वहीत सही करणार, आपल्यापायी कुणाचं तरी जेवण थंड होणार. त्यापेक्षा सहज जाऊ, कुणीतरी बाहेर येईल आणि म्हणेल, चल आत. दार ठोठावायची तर इथं रीतच नव्हती. पास असेल तो आत, नसेल तो बाहेर. तीन वेळा ती दारावरून गेली, स्वच्छतागृह न सापडणाऱ्या बाईसारखी.

फोन वाजला. हेलेना, तिची मुलगी. मागे बाळाचं रडणं.

"जेवलीस का?"

"जेवतेच आहे."

"गरम काहीतरी खा हं. तू उपाशी आलीस तर मला दोघांना भरवायला लागेल."

"का रडतोय तो?"

"कळलं असतं तर तुला फोन केला असता का? पोट कडक लागतंय गं. का मलाच तसं वाटतंय? काल पण असंच वाटलं होतं. तू हात लावून बघ आलीस की."

"बघते. येतेच आहे ना."

"शनिवारी आली असतीस तर... बरं, जाऊ दे. ठेवते."

सोल्वेग फोन हातात घेऊन उभी राहिली. आपण दोन दिवस आधी निघालो ते मुलीसाठी नाही, हे तिला ठाऊक होतं. तेवढ्यात करडं दार उघडलं. आधी वास आला, शिजलेल्या पिवळ्या वाटाण्यांचा, आणि मागून तोरस्तेन. तिच्याबरोबरीनं बस चालवलेला, तिच्याइतकाच पिकलेला.

"अगं, तू? महिन्याभरातच घर खायला उठलं वाटतं?"

"आज मी प्रवासी आहे. लिस्बन. हेलेनाला मुलगा झाला."

"म्हणजे आजीबाई झालीस. मग दांडी घट्ट धरून उभी राहा, ढकलाढकली करू नकोस." ही त्यांची जुनी थट्टा. दोघंही हसले. तोरस्तेननं दार पायानं उघडं धरलं होतं. "जेवलीस?"

तेवढंच बोलायचं होतं: नाही. पण त्याच्या छातीवरचा पास तिला दिसला, घड्याळाकडे गेलेली त्याची नजर दिसली, आणि तोंडून निघून गेलं, "हो, आत्ताच."

"काय?"

"सूप."

"सूप," तोरस्तेन म्हणाला. त्यानं रांगेनं सगळे काउंटर न्याहाळले. मग तिच्याकडे पाहिलं. "कुठं मिळालं?"

"तिकडे, पलीकडे."

"बरं झालं. खाली आपल्या खिडकीपाशी आता नवीन मुलगी बसते, तुझी बस चालवणारी, एबा. चांगली आहे. बोलत नाही फारशी." मग तो म्हणाला, "हातमोजे विसरलो बघ आत. जातो."

हातमोजे त्याच्या जाकिटाच्या खिशातून बाहेर डोकावत होते. सोल्वेगनं ते पाहिले. बोलणं आवरतं घ्यायला माणूस काहीतरी म्हणतोच, तिला वाटलं. दार मिटलं, वास तुटला.

लिस्बनचं विमान लांब उभं होतं. बसमध्ये ती मागच्या दाराशी दांडी धरून उभी राहिली. समोर, तिच्या जागेवर, एका मुलीची सोनेरी वेणी दिसत होती. वळण आलं तसा सोल्वेगचा उजवा पाय आपोआप खाली दाबला गेला. मुलीनं ब्रेक जरा उशिरा लावला. उभी माणसं हेलकावली.

सगळे उतरून पायऱ्यांकडे निघाले तेव्हा ती मुलगी केबिनमधून खाली आली. चालक सहसा उतरत नाहीत.

"तू सोल्वेग ना? हे तोरस्तेननं दिलंय." हातात झाकणाचा कागदी पेला होता, वर लाकडी चमचा टेकवलेला. "कॉफी आहे, असं सांगायला सांगितलंय."

पेला कॉफीच्या मानानं फार जड होता.

"त्याला थँक्यू सांग."

"आत आली असतीस तरी चाललं असतं," मुलगी म्हणाली आणि लाजून परत केबिनमध्ये चढली.

विमानात माणसं अजून बॅगा वर ढकलत होती. सोल्वेगनं समोरचं टेबल उघडलं आणि झाकण काढलं. पिवळं, दाट, आणि कडेला बोटभर मोहरीची चटणी, ढवळलेली नव्हती. तिला ढवळलेली आवडत नसे. शेजारच्या माणसानं वासाकडे मान वळवली आणि परत फोनमध्ये घातली. खिडकीखाली तिची बस दिवे लावून रिकामी परत चालली होती. ती वळणापर्यंत दिसली.

तिनं सावकाश, तळ खरवडून खाल्लं.

"टेबल बंद करावं लागेल हं," हवाई सेविका म्हणाली. "आता निघतोय आपण."

"हो, एक मिनिट."

कँटीनमध्ये उठताना आपली जागा आपणच पुसायची, मागून येणाऱ्याला ती कोरडी मिळाली पाहिजे, असा नियम होता. सोल्वेगनं कागदी रुमाल काढला, टेबल या कडेपासून त्या कडेपर्यंत पुसलं, एक पडलेला वाटाणा टिपून घेतला. मग ते उचलून समोरच्या खाचेत नीट बसवलं.